प्रवेशाचं मार्गदर्शक पुस्तक घेताना

प्रश्न : मुलीनं पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपची एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा दिली आहे. इंजिनिअरिंग प्रवेशाची तीन-चार पुस्तकं दुकानात दिसतात, सगळ्यांवर 'कटऑफसह' छापलेलं असतं. कामाचं कोणतं, हे कसं ओळखायचं?
– एक पालक, बार्शी

उत्तर : मुखपृष्ठावरच्या वर्षावर जाऊ नका. दुकानात उभ्या उभ्या आधी कॅप (राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांचं प्रकरण उघडा. 2025-26 च्या प्रवेशापासून फेऱ्या चार झाल्या आणि ऑटो फ्रीजचा, म्हणजे मिळालेली जागा आपोआप पक्की होण्याचा, नियमही बदलला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी एखादा आणि तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर ती जागा घ्यावीच लागते. चौथीत मिळेल ते अंतिम. पुस्तकात अजून तीनच फेऱ्या असतील, तर मजकूर जुना आहे. ते पुस्तक परत ठेवा.

मग कटऑफचा, म्हणजे प्रत्येक जागेवर शेवटचा प्रवेश कितीवर झाला त्याचा, तक्ता बघा. 'ओपन – 91' असा एकच आकडा देणाऱ्या तक्त्यानं फसगत होते. सीईटी सेलच्या (ही परीक्षा आणि कॅप घेणारी सरकारी यंत्रणा) मूळ यादीत प्रत्येक आकड्याला कोड असतो. 'जीओपनएच' म्हणजे जनरल, ओपन, होम युनिव्हर्सिटी (ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून बारावी झाली ते). शेवटी 'ओ' असेल तर ती जागा दुसऱ्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून आलेल्यांची, 'एस' असेल तर राज्यस्तरीय. सुरुवातीला 'जी'च्या जागी 'एल' आला की ती मुलींची जागा. तुमची मुलगी बारावी बार्शीतूनच झाली असेल, तर तिचं होम युनिव्हर्सिटी सोलापूर. पुण्याच्या कॉलेजचा 'एच'चा आकडा तिच्या उपयोगाचा नाही. तिनं 'ओ' किंवा 'एस' बघायचा, आणि त्यातही आधी 'एल'ची ओळ. ही अक्षरं गाळून सरसकट आकडे देणारं पुस्तक कितीही जाड असलं तरी घेऊ नका.

कटऑफ निदान दोन वर्षांचे आणि सगळ्या फेऱ्यांचे हवेत. मात्र 2023 चे आकडे आज फारसे कामाचे नाहीत. 2024 मध्ये एसईबीसीचं (मराठा समाजासाठीचं) 10 टक्के आरक्षण लागू झालं, त्यामुळे आधीच्या तक्त्यात तो रकानाच नाही आणि ओपनचे आकडेही सरळ ताडता येत नाहीत. त्याच सुमारास एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) चांगल्या चालणाऱ्या कॉलेजांसाठी जागांची कमाल मर्यादा उठवली. ज्या कॉलेजानं कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या, तिथला जुना कटऑफ धरून चालत नाही.

शेवटी एक ताळा करा. एक कॉलेज, एक शाखा निवडा, मोबाइलवर सीईटी सेलच्या संकेतस्थळावरची त्या फेरीची पीडीएफ उघडा आणि चार आकडे जुळवून पाहा. तिथे वर मेरिट नंबर असतो, खाली कंसात पर्सेंटाइल. चारांतला एक जरी चुकला, तरी बाकीच्या पानांवर विश्वास ठेवू नये.

प्रश्न : पुस्तकात माझ्या पर्सेंटाइलला 'मिळू शकणाऱ्या' 20 कॉलेजांची यादी आहे, कटऑफच्या उतरत्या क्रमानं. तशीच भरली तर चालेल का?
– एक विद्यार्थी, अकोला

उत्तर : नाही. मोठं नुकसान इथेच होतं. संगणक मेरिट नंबरप्रमाणे एकेका विद्यार्थ्याकडे येतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि शिल्लक असलेली पहिली जागा देऊन टाकतो. अवघड कॉलेज वर लिहिल्यानं खालचं हातचं जात नाही. उलट, 'सहज मिळेल' म्हणून नको असलेलं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकलंत आणि ते पहिल्याच फेरीत लागलं, तर ऑटो फ्रीज होतं. ते घेतलं नाहीत तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर.

क्रम तुमच्या आवडीचा हवा. पहिले सहा पर्याय असे लिहा, की त्यातला कोणताही लागला तरी तुम्ही मनापासून जाल. त्याखाली तुमच्या आकड्याच्या आसपासची आणि मग त्याहून कमी कटऑफची कॉलेजं उतरवा. फॉर्ममध्ये 300 पर्यंत पर्याय भरता येतात, मग 20 वर का थांबायचं? चांगल्या पुस्तकात हे उदाहरणासकट समजावलेलं असतं. नुसती तयार यादी देणाऱ्या पुस्तकात हाच भाग नसतो.

प्रश्न : आम्ही बेळगावचे, घरी मराठी. महाराष्ट्रातल्या प्रवेशासाठी पुस्तकात आमच्यापुरतं काय बघावं?
– एक पालक, बेळगाव

उत्तर : उमेदवारांच्या प्रकारांमध्ये 'टाइप ई' शोधा. वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, तिथूनच दहावी किंवा बारावी झालेल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी हा प्रकार आहे. त्याला दोन वेगळे दाखले लागतात: एक सीमाभागातल्या रहिवासाचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्हींचे नमुने माहितीपुस्तिकेत असतात, ते आधीच काढून ठेवा. पुस्तकात फक्त 'टाइप ए'च (महाराष्ट्रातूनच दहावी-बारावी झालेल्यांचा प्रकार) असेल, तर तुम्हाला ते अपुरं पडेल.

प्रश्न : फी आणि कॉलेजचा दर्जा पुस्तकावरून ठरवावा का?
– एक पालक, परभणी

उत्तर : फी नको. खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार मिळते, तीच धरा. मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमधली असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर कॅपमधून मिळालेल्या जागेवर 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पुस्तकात अजून 50 टक्के लिहिलेलं असेल, तर ती माहिती जुनी आहे. दर्जाबाबत एवढं पाहा: नॅक आणि एनबीए ही दर्जाची मानांकनं आहेत; नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेची असते, एनबीए मात्र शाखेपुरतं मिळतं. तुम्हाला हवी आहे त्या शाखेला एनबीए आहे का आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे, हे कॉलेजकडून लेखी मागा.