आकडे बघताना चिन्हाकडेही बघ

कन्सल्टन्सीत येतोयस आणि युद्धकाळाच्या इतिहासाचा नादही आहे, हे वाचून बरं वाटलं. दोन्ही चालतं. फक्त सुरुवातीची दोन-तीन वर्षं रविवार तेवढा इतिहासाला दे. क्लायंटचा रिपोर्ट सोमवारी जायलाच हवा.

सुरुवात घरच्या बंदरापासून कर. 9 मार्च 1943 च्या रात्री गोव्यातल्या मुरगाव बंदरात 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावर कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी छापा घातला. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात आणि पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गणवेश नाही, गाजावाजा नाही. खलाशांनी जहाज स्वतःच बुडवलं. गोष्ट थरारक आहेच, पण तू अर्थशास्त्रवाला, तू वेगळं विचार: 1939 पासून अडकून पडलेल्या जहाजांवरच्या माणसांचा पगार, शिधा, कोळसा कोण भागवत होतं? तटस्थ बंदराला युद्धात काय भाव येतो? असे प्रश्न घेऊन पणजीच्या पुराभिलेखात जा.

तिथे पोर्तुगीज येत नसेल तर काही खरं नाही. मी पहिल्यांदा एका हिशेबात 1.250$50 असं पाहिलं आणि खुशाल डॉलर समजलो! ते एस्कुदो, म्हणजे पोर्तुगीज चलन होतं: टिंब हजाराचं, आणि आपण डॉलर म्हणतो ते चिन्ह दशांशाच्या जागी. त्याआधीच्या कागदांत रुपिया आणि टांगा हे जुनं चलन, सोळा टांग्यांची एक रुपिया. 1959 च्या सुमारास चलन बदललं, तेव्हा सहा एस्कुदोंना एक रुपिया धरली. हे न बघता दोन काळांचे भाव शेजारी मांडलेस तर तक्ता सुंदर दिसेल आणि साफ चुकीचा असेल.

आणि हो, पुराभिलेखात वहीत नोंद पेन्सिलीने कर.