शरणपूरमधला 'शरण'

प्रश्न असा आला आहे : नाशिकच्या शरणपूर रोडमधला 'शरण' म्हणजे हार पत्करणं का? तिथे कोण कोणाला शरण गेलं होतं?

कोणीही नाही. संस्कृतात 'शरण' म्हणजे घर, आसरा, आणि रक्षण करणाराही. 'बुद्धं शरणं गच्छामि' मध्ये तोच अर्थ आहे. हरलेला माणूस जिंकणाऱ्याकडे अभय मागायला जातो, म्हणून 'शरण जाणे'ला पराभवाचा रंग चढला. पुढे 'शरणागती पत्करणे' इतकं रुळलं की आसऱ्याचा अर्थ मागे पडला. तरी 'शरणार्थी' आणि 'अशरण' या शब्दांत तो शाबूत आहे.

शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वस्ती. नाव तिला शोभावं असंच काम पुढे तिथे झालं, आणि ते नाशिककरांनाही फारसं माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमार गुलामांनी भरलेली गलबतं पकडायचं. त्यातून सुटलेल्या काही आफ्रिकी मुलांना मुंबईत उतरवून शरणपूरच्या 'आफ्रिकन असायलम' या आश्रयगृहात पाठवत. तिथे अक्षरओळखीबरोबर सुतारकी, लोहारकी असे पोटापाण्याचे धंदे शिकवत. मुलांना नवी नावं मिळाली. आईबापांनी ठेवलेली नावं बहुतेकांची हरवलीच.

याच शाळेत शिकलेला जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत भटकणारा प्रसिद्ध स्कॉटिश संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा सोबत्यांनी त्याचं काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं. त्या झाडावर लेख कोरला तो जेकबने, कारण त्याला लिहिता येत होतं. मग सगळ्यांनी मिळून शव शेकडो मैल चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेलं. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकबही होता.

शरणपूरची धुरा वाहिलेले विल्यम सॉल्टर प्राइस त्याच सुमारास आजच्या केनियातल्या मोंबासाला गेले. सुटका झालेल्या गुलामांसाठी तिथे फ्रिअरटाउन ही वस्ती उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला दिलं. नाशकात शिकलेले कितीतरी जण तिथे जाऊन राहिले. काही शिक्षक झाले, काही धर्मोपदेशक.

तेव्हा या गावाच्या नावाचा सरळ अर्थ 'आसऱ्याचं गाव' असाच घ्यावा. 'शरणागतांचं गाव' म्हणायचं असेल, तर 'आसऱ्याला आलेले' या अर्थानेच म्हणावं.