केअरगिव्हर म्हणजे पगारी बाई की घरची सून?

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासऱ्यांना लकवा मारल्यापासून त्यांचं सगळं ताईच करतात. फिजिओथेरपीच्या फॉर्मवर ‘प्रायमरी केअरगिव्हर’ असा रकाना होता. ताईंनी त्यात दुपारी दोन तास येणाऱ्या बाईंचं नाव लिहिलं. काउंटरवरच्या मुलीनं ते खोडून ताईंचं लिहिलं. ‘मग मी कोण, केअरगिव्हर की केअरटेकर? आणि याला आपला शब्द काय?’ असं त्या विचारतात.

ताई, त्या मुलीनं बरोबर केलं. केअरगिव्हर या शब्दाला पगाराशी देणंघेणं नाही. आजारी, वृद्ध, दिव्यांग माणसाचं किंवा लहान मुलाचं रोजचं जो बघतो तो केअरगिव्हर. आंघोळ घालणं, भरवणं, गोळ्यांच्या वेळा सांभाळणं, कूस बदलणं, रिक्षात बसवून दवाखान्यात नेणं, हे सगळं त्यात आलं. तो घरातला असेल तर फॅमिली केअरगिव्हर. मुख्य भार ज्याच्यावर तो प्रायमरी, मग मदतीला आणखी चार जण असोत. बालसंगोपनाच्या इंग्रजी पुस्तकांत हाच ‘प्रायमरी केअरगिव्हर’ आईसाठी किंवा आजीसाठी येतो, त्यामुळे तिथं तो दिसला तर गोंधळू नका.

घोटाळा होतो तो जाहिरातींमुळे. ‘केअरगिव्हर पाहिजे, राहून काम’ हे वाचून वाचून आपल्याकडे तो हुद्दाच वाटायला लागला आहे. कायदा मात्र तसं मानत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात केअरगिव्हरची व्याख्याच दिली आहे: आई-वडील आणि घरची इतर माणसं धरून जी कोणी व्यक्ती मोबदला घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेते, तिला आधार किंवा मदत देते, ती. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी केअरगिव्हर भत्त्याचा उल्लेखही त्याच कायद्यात आहे. त्यानंतर काही महिन्यांतच आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्याख्या जरा वेगळी आहे. तिथं केअरगिव्हर रुग्णासोबत राहणारा असावा लागतो आणि काळजी घेण्याची जबाबदारी त्याच्यावर असावी लागते. नातेवाईक असो वा परका, फुकट करो वा पैसे घेऊन. म्हणजे पुण्याहून दर महिन्याला पैसे पाठवणारा मुलगा या दुसऱ्या व्याख्येत बसत नाही, आणि घरात राहणारी सून बसते. (हे वाचून काही घरांत वाद होतील. होऊ द्या.)

केअरटेकरचं वेगळं आहे. आपल्याकडे केअरटेकर म्हटलं की मंगल कार्यालयाचा, फार्महाऊसचा, शाळेच्या इमारतीचा माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि ब्रिटिश इंग्रजीतही मुख्य अर्थ तोच आहे. अमेरिकेत माणसाची काळजी घेणाऱ्यालाही केअरटेकर म्हणतात, पण फॉर्मवर सहसा केअरगिव्हरच असतं. ब्रिटनमध्ये या दोन्हींऐवजी ‘केअरर’ चालतो. तो तिथं पगारी मदतनिसासाठीही सर्रास वापरतात, पण सरकारी भाषेत त्याचा रोख बिनपगारी घरच्या माणसावर असतो.

या केअररची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. घरी राहून आजाऱ्याचं करणाऱ्यांसाठी ब्रिटननं १९७६ मध्ये भत्ता सुरू केला, पण विवाहित स्त्रियांना त्यातून वगळलं. त्या तशाही घरीच असतात, मग भत्ता कशाला, असा हिशेब. १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयानं हा भेदभाव ठरवला तेव्हा कुठं त्यांना तो मिळू लागला. ‘सुनेनं केलं तर त्यात काय विशेष’ हे लंडनलाही कळत होतं म्हणायचं.

आता मराठी शब्दाचं. इंग्रजीची गंमत अशी की केअर ‘देणारा’ केअरगिव्हर आणि केअर ‘घेणारा’ केअरटेकर, पण दोघंही काळजी घेणारेच. मराठीत मात्र काळजी घेतात किंवा करतात, देत नाहीत. ‘पोरगं नुसती काळजी देतंय’ म्हणजे ते पोरगं घोर लावतंय. त्यामुळे ‘काळजी देणारा’ असं कोणी भाषांतर केलं तर सासऱ्यांची नव्हे, पोराचीच तक्रार वाटेल. तसं बघितलं तर इंग्रजी ‘केअर’चा जुना अर्थही दुःख, चिंता असाच होता, आणि आपली काळजी तर काळजाच्याच घरची.

‘काळजीवाहू’ सुचवणारे पुष्कळ भेटतात. मला तो पटत नाही. तो निवडणुकीनंतरच्या सरकारनं आणि मुख्यमंत्र्यांनी आधीच अडवून ठेवला आहे. ‘काळजीवाहू सून’ म्हटलं की नवीन सून येईपर्यंतची वाटते. ‘देखभालकर्ता’ लिफ्टला आणि बोअरच्या मोटारीला शोभतो. ‘परिचारिका’ म्हणजे नर्स हे पक्कं झालं आहे. ‘शुश्रूषा’ सुंदर आहे, त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, पण ‘शुश्रूषक’ बोलताना जीभ अडखळते. एक जुना शब्द मागं पडला आहे, ‘उस्तवार’. आजाऱ्याची उस्तवार करणं म्हणजे त्याचं हवं-नको, उठ-बस सगळं बघणं. अजून वयस्कर बायकांच्या तोंडी तो ऐकू येतो; वापरात राहिला तर बरं.

खरं तर बोलण्यात आपल्याला नाम लागतच नाही, क्रियापदावर भागतं. ‘तिनं सासूचं खूप केलं.’ ‘आईचं आजारपण काढलं.’ आणि जिथं काही झाकायचं नसतं तिथं ‘हगणं-मुतणं काढलं.’ आपल्या सोलापुरात शेजारीण दारातूनच विचारते, ‘मामांचं कोण बघूलालंय मग?’ आणि उत्तर येतं, ‘सून करूलालीय की.’ या ‘बघण्या’त सोलापूरच्या तिन्ही भाषा एक आहेत. कन्नडमध्ये सांभाळणं म्हणजे ‘नोडिकोळ्ळोदु’, तेलुगूत ‘चूसुकोवडं’. दोन्हींच्या पोटात बघणंच आहे. ‘निगा’ फारसीतून आली, तिथं ‘निगाह’ म्हणजे नजर. शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या घरात आजी तेलुगूत, सून मराठीत आणि शेजारीण कन्नडमध्ये बोलत असेल, तरी म्हाताऱ्याला तिघी मिळून ‘बघतात’च.

दवाखान्यात पुन्हा वेगळी तऱ्हा. सिव्हिलच्या वॉर्डात ‘पेशंटसोबत कोण आहे?’ असा पुकारा होतो, आणि जो उठतो तो ‘नातेवाईक’, मग तो शेजारी का असेना. वॉर्डातल्या मावशी, मामा, सिस्टर, ब्रदर ही नात्याची नावं मात्र पगारी माणसांना. तेव्हा नावावरून पगार ओळखू जाऊ नये.

पण फॉर्मला, भत्त्याच्या अर्जाला, गटाच्या नावाला क्रियापद चालत नाही, तिथं नाम हवंच. ‘काळजीवाहक’ हा शब्द हल्ली लेखांत, माहितीपत्रकांत दिसतो. कानाला थोडा जड आहे, पण सरकारपासून सुटलेला आहे आणि स्त्री-पुरुष दोघांना चालतो. घरच्यांपुरतं म्हणायचं तर ‘कुटुंबातील काळजीवाहक’. मी लिहिताना एकदा तो देतो आणि पुढं सरळ केअरगिव्हर लिहितो. अनेकवचनही केअरगिव्हरच ठेवावं, ‘दोन केअरगिव्हर आले’. शेवटी ‘र्स’ लावायची गरज नाही.

ताई, पुढच्या फॉर्मवर प्रायमरी केअरगिव्हरच्या रकान्यात तुमचं नाव आणि फोन नंबर लिहा. खाली ‘रुग्णाशी नातं’ असेल तिथं ‘सून’. येणाऱ्या बाईंसाठी वेगळा रकाना असेल तर त्यांचं नाव तिथं.