इंग्रजीच्या भरवशावर जर्मनीत नोकरी शोधताना

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील अनुभव आणि अभियांत्रिकीची पदवी यांच्या बळावर जर्मनीत नोकरी शोधण्याचा आपला विचार योग्य आहे. मात्र केवळ इंग्रजी कुठवर पुरेल, याचा हिशेब आधी करावा. १ जून २०२४ पासून मिळू लागलेल्या ‘चान्सनकार्ट’साठी, म्हणजे नोकरी शोधण्यासाठी जर्मनीत राहण्याच्या परवान्यासाठी, इतर अटी पूर्ण होत असल्यास, जर्मनची ए१ (अगदी प्राथमिक) किंवा इंग्रजीची बी२ (मध्यमाच्या वरची) पातळी चालते, आणि त्यावर वर्षभर तेथे राहून नोकरी शोधता येते. सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीवर निभावते. कारखान्यात मात्र सुरक्षेच्या सूचना आणि फोरमनचे बोलणे बहुधा जर्मनमध्येच असते, म्हणून जर्मन बी१पर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत, शिकूनच निघावे, असे माझे स्पष्ट मत आहे. (घरी मराठी आणि कचेरीत कन्नड सांभाळणाऱ्या बेळगावकराला आणखी एक भाषा जड जाऊ नये.)

दहावीच्या गुणपत्रिकेवर नुसती आद्याक्षरे आणि पासपोर्टवर पूर्ण नाव, हा प्रकार आपल्याकडे नेहमीचा आहे. तो आताच निस्तरावा. अनुभवाच्या दाखल्यात ‘काम समाधानकारक’ एवढेच नको. कोणत्या यंत्रावर, कोणते कास्टिंग (ओतीव भाग), किती काळ हाताळले, हे मालकाकडून लिहून घ्यावे. आपले विद्यापीठ तेथे मान्य आहे का, हे ‘अनाबिन’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. त्यासाठी एजंटाला पैसे मोजू नयेत.