कालवांतली प्रथिनं मोजायचीत? आधी एवढं बघ

रत्नागिरीच्या खाडीतली कालवं घेतलीस, छानच! पण सायलॅक (जिवंत पेशींतच प्रथिनांना खूण करून ती मोजायची पद्धत) आत्ता सोड. त्यात वाढत्या पेशींना जड समस्थानिकांचे लायसिन-आर्जिनिन (प्रथिनांचे घटक, अमिनो आम्लं) देऊन किमान 5 विभाजनं होऊ द्यावी लागतात. खाडीतून काढलेल्या कालवाच्या मांसात ते जमत नाही. तुला टीएमटी बरं: ट्रिप्सिन या विकराने प्रथिनं तोडल्यावर प्रत्येक नमुन्यातल्या तुकड्यांना वेगळं रासायनिक लेबल लावायचं, मग नमुने एकत्र करून मोजायचे.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण). लेबल प्रथिनांच्या तुकड्यांवरच्या अमाइन गटाला चिकटतं, ट्रिसमध्येही अमाइनच. महागडं लेबल तिथेच संपतं. लेबल न खाणारं टीईएबी बफर वापर, पीएच 8.5.
- उणे 20 अंशांतली लेबलची कुपी लगेच उघडणं. आपल्या पावसाळी हवेत आत लगेच दव धरतं आणि पाण्याने लेबल निकामी होतं. कुपी खोलीच्या तापमानाला येऊ दे, मगच झाकण काढ.

नमुने एकत्र करण्याआधी थेंबभर घेऊन लेबल नीट बसलंय का तपास. घाई करू नकोस, जमेल तुला.