मॉडेलच्या आधी पिक्सेल बघ

उपग्रहाच्या चित्रांवरून शेतांचा अभ्यास करतोस, तर रँडम फॉरेस्ट (उदाहरणांवरून शिकून वर्गवारी करणारं मॉडेल) चालवायची घाई नको. आधी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सेंटिनेल-२ उपग्रहाचं एकच चित्र उघड, ओळखीच्या शेतावर क्लिक कर, लाल बँड ४ आणि अवरक्त बँड ८ चे आकडे वाच आणि एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक, हाताने काढ: (बँड ८ − बँड ४) ÷ (बँड ८ + बँड ४).

अनेक वर्षांचा आलेख काढणार असशील, तर एक गोम आहे. २५ जानेवारी २०२२ पासून या डेटाची प्रक्रिया बदलली. आकड्यांत १००० मिळवलेले असतात. ते वजा केले नाहीस तर हिरवंगार शिवार आलेखात एकदम सुकतं, आणि लोक दुष्काळाची कारणं शोधत बसतात! गूगलच्या अर्थ इंजिनवर ‘हार्मोनाइज्ड’ संग्रह घे, त्यात हा फरक आधीच काढलेला असतो, कटकट मिटते.

खरिपात ढगांपुढे इलाज नाही, सेंटिनेल-१ चं रडार वापर, ते ढगांतूनही बघतं. पुणे यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या पट्टा ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये, तेही बघून घे.

एकाच शेतातले पिक्सेल मॉडेल शिकवायला आणि तपासायला, दोन्हीकडे टाकू नकोस. टक्केवारी झकास येईल, पण खोटी. तपासणीसाठी अख्खी शेतंच वेगळी काढ.

नकाशाला इंद्रधनुषी रंग मला तरी पटत नाहीत. पिवळ्यापाशी नसलेली सीमा दिसते. व्हिरिडिस ही जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत सलग उजळत जाणारी रंगपट्टी लाव, आणि सगळ्या तारखांना रंगपट्टीची किमान-कमाल तीच ठेव.