चार लाखांची एजन्सी घेण्याआधी बाटली उलटी करून वाचा

ताई, तुमचं पत्र सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही मोकळेपणाने देतो. तुम्ही नाशिकच्या. पुढच्या महिन्यात ६ लाखांची एफडी मॅच्युअर होतेय आणि त्यातले ४ लाख भांडी घासायचं ‘नैसर्गिक’ लिक्विड बनवणाऱ्या एका कंपनीच्या एजन्सीत घालायचा विचार आहे. ५० हजार डिपॉझिट, तेही परत न मिळणारं. साडेतीन लाखांचा माल. खरेदीवर २५ टक्के मार्जिन. गोदावरीत जाणारी घाण थोडी तरी कमी व्हावी ही तळमळ आहे आणि यजमानांचा विरोध आहे. ‘हा माल खरंच पर्यावरणाला चांगला आहे का, ते आधी सांगा,’ असं तुम्ही लिहिलंय.

हा प्रश्न आधी विचारलात हे फार चांगलं केलंत. साध्या लिक्विडपेक्षा जास्तीचे पैसे गिऱ्हाईक देणार ते त्या दाव्यासाठीच. दावा टिकला नाही, तर माल तुमच्याच घरात पडून राहणार. म्हणून इथे पर्यावरणाची तपासणी आणि गुंतवणुकीची तपासणी एकच आहे.

तुम्ही पाठवलेले लेबलचे फोटो मोठे करून पाहिले. पुढे ‘१०० टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री, बायोडिग्रेडेबल, फॉस्फेट-फ्री’. मागे घटकांमध्ये ‘वनस्पतीजन्य सर्फॅक्टंट, सुगंध, पाणी’, एवढंच. सर्फॅक्टंट म्हणजे फेस करणारा आणि तेलकटपणा सोडवणारा घटक. वनस्पतीजन्य असेल तर तो बहुधा खोबरेल किंवा पाम कर्नल तेलापासून येतो. आपल्याकडे पाम तेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं आणि तिथे पामच्या लागवडीसाठी मोठ्या प्रमाणावर जंगलं तोडली गेली आहेत. तेव्हा तेल कोणतं आणि कुठून घेतलं, हे कंपनीला लेखी विचारा. भांड्यांच्या लिक्विडवर ‘फॉस्फेट-फ्री’ लिहिलंय त्याने भारावून जाऊ नका. फॉस्फेटचा वापर प्रामुख्याने कपड्यांच्या पावडरमध्ये व्हायचा. हातानं भांडी घासायच्या लिक्विडमध्ये तो सहसा नसतोच. जलपर्णीला फॉस्फेटचं खत मिळतं हे खरं, पण जे मुळात नव्हतं ते काढल्याचं श्रेय कशाला द्यायचं?

‘बायोडिग्रेडेबल’, म्हणजे निसर्गात आपोआप विघटित होणारं, या दाव्याला मात्र ठोस कसोटी आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ३०१ क्रमांकाची चाचणी असते. तिच्या नेहमीच्या पद्धतींमध्ये पदार्थ २८ दिवसांत निदान ६० टक्के विघटित व्हावा लागतो. त्याचा रिपोर्ट मागा, आणि तो फक्त एका घटकाचा आहे की सगळ्या घटकांचा, ते पाहा. शिवाय दावा आतल्या द्रवाचा की बाटलीचा? कारण बाटली नव्या प्लॅस्टिकची आहे आणि पंपात स्टीलची स्प्रिंग दिसतेय. असा पंप वेगळा करत बसायला भंगारवाल्याला वेळ नसतो. रिफिलचं पाउच बहुपदरी असेल तर तो तेही घेत नाही. साधी जाड बाटली घेतो.

हे विचारण्याचा तुम्हाला हक्कही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली. दाव्याला पुरावा हवा आणि तो संपूर्ण वस्तूबद्दल आहे, एखाद्या भागाबद्दल की पॅकिंगबद्दल, हे स्पष्ट हवं, असं त्यात आहे. ही तत्त्वं व्यापाऱ्यालाही लागू होतात, म्हणजे उद्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही ‘नदीला सुरक्षित’ असं लिहून माल विकलात, तर पुरावा तुमच्याकडेही हवा. पर्यावरणपूरक वस्तूंना मिळणारा सरकारचा इकोमार्क १९९१ पासून आहे, त्याचं चिन्ह मातीचं मडकं. तो क्वचितच दिसतो, म्हणून नसला तर लगेच नकार देऊ नका. अर्ज केलाय का, एवढं विचारा.

आता पैशाचं. साडेतीन लाखांचा माल वर्षभरात पूर्ण विकला तर मार्जिन ८७,५०० रुपये. डिलिव्हरी, पेट्रोल, सॅम्पल यांना महिना ३ हजार धरा, म्हणजे ३६ हजार. डिपॉझिटचे ५० हजार वजा केल्यावर पहिल्या वर्षी हातात राहतात १,५०० रुपये. तेच ४ लाख ७ टक्क्यांच्या एफडीत २८ हजार देतात आणि तुमची वर्षभराची मेहनत मी यात धरलेलीच नाही. माल वर्षात दोनदा फिरला तर चित्र बदलतं, पण त्यासाठी २५० रुपयांच्या बाटल्या महिन्याला सुमारे २९० विकाव्या लागतील, रोज जवळजवळ दहा. त्यातच मालाची मुदत बारा महिन्यांची.

आणखी एक. तुमचा घरखर्च महिना ४५ हजार आणि या एफडीशिवाय हाताशी दुसरी बचत नाही. सहा महिन्यांचे २ लाख ७० हजार बाजूला ठेवायलाच हवेत. मग मोकळे उरतात ३ लाख ३० हजार. म्हणजे ४ लाख तुमच्याकडे या कामासाठी नाहीतच. यजमानांची काळजी रास्त आहे.

तरी हा विचार सोडून द्या असं मी म्हणणार नाही. कंपनीला सांगा: डिपॉझिट नको, ६० हजारांचा माल द्या, आणि बाटल्यांऐवजी २० लिटरचे कॅन द्या. गिऱ्हाईकाने आपली जुनी बाटली आणावी आणि तुम्ही भरून द्यावी. नदीपेक्षा प्लॅस्टिकवर याचा परिणाम अधिक होईल, आणि पॅकिंगचा खर्च वाचला की मार्जिनही वाढवून मागता येईल. पर्यावरण आणि तुमचा नफा खऱ्या अर्थाने जुळतात ते इथेच. कंपनी सुट्ट्या विक्रीला नाही म्हणाली, तर तिला बाटल्या खपवण्यातच रस आहे असं समजा.

सहा महिने असं चालवा. पुन्हा मागणारी गिऱ्हाइकं किती, याची वही ठेवा. पहिल्यांदा घेणारे ओळखीखातर घेतात. कागद मिळाले आणि मागणी टिकली, तर आणखी दीड लाख घालायला माझी हरकत नाही. फक्त मुदत संपत आलेला माल कंपनी परत घेईल हे कलम करारात असल्याशिवाय सही करू नका.